मुका मार

माझ्या अंगातून रक्ताचा एक थेंबही आला नाही. तिथंच सगळं बिघडलं.

थोडं जरी रक्त आलं असतं, कोपर फुटलं असतं किंवा ओठ फाटला असता, तरी लोकांनी मला खाली बसवलं असतं, पाणी पाजलं असतं, दवाखान्यात नेलं असतं. पण माझं जे फुटलं ते आत फुटलं. आणि आतल्या माराला आमच्याकडं फार सोयीचं नाव आहे, मुका मार. 'मुका मार हाय' असं म्हटलं की विषय संपतो. वरून हळदीचा लेप, थोडा शेक, रात्री गूळ घालून हळदीचं दूध, आणि सकाळी कामाला लागा.

मी सिरसाळ्यात पिठाची गिरणी चालवते. गिरणीच्या आवाजात रोज ओरडून बोलावं लागतं, त्यामुळं घरीही माझा आवाज मोठाच असतो, आणि त्यावरून मला टोमणेही मिळतात. बरी झाल्यापासून दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई विचारते, नेमकं काय झालतं हो? प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून आता जीव वैतागला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, तेव्हा ते इथं शोधू नका. कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर बसत असाल, तर मात्र वाचा.

जावयाच्या हातात चावी

ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, बियाणं-औषधाचं दुकान आहे. ह्यांनी हौसेनं एक जुनी चारचाकी घेतली होती. माझी नणंद मंगल आणि तिचे मालक बीडला असतात. मंगलच्या मालकांना आम्ही सगळेच दाजी म्हणतो. धर्मापुरीला नात्यातला साखरपुडा होता, म्हणून ते दोघं आदल्या दिवशीच आमच्याकडं आले आणि आम्ही सगळे एकाच गाडीतून गेलो. माझ्या सासूबाईही होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

जाताना गाडी ह्यांनी चालवली. परत निघताना दाजींनी हात पुढं केला.

"आना चावी. बघू तरी तुमची गाडी कशी पळती."

दाजींच्या लायसनची मुदत संपून गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण जेवताना त्यांनी स्वतःच हसत हसत सांगितलं होतं. पण जावयाला नाही कोण म्हणणार? ह्यांनी चावी दिली, वर दारही उघडून धरलं.

पुढं दाजी आणि हे बसले. मागं उजव्या दाराला आत्याबाई, मधे मंगल, डाव्या दाराला मी. मागच्या सीटला पट्टे होते, पण त्यांची कुलपं ह्यांनी घातलेल्या मखमली कव्हरखाली दडपून गेली होती. मी कव्हरखाली हात घालून चाचपडायला लागले तर आत्याबाई म्हणाल्या, "मागं कावून पायजे गं पट्टा? आपून काय भाईर पडायलोत का?" सगळे हसले. मीही हात काढून घेतला.

परळी मागं पडली. सिरसाळ्याच्या वाटेवर एका फाट्याला डावीकडच्या कच्च्या रस्त्यानं कांद्याची पिकअप आली. दाजींना वाटलं ती थांबेल, तिच्या ड्रायव्हरला वाटलं आपण थांबू. दाजींनी गाडी दामटली. गाडीचा पुढचा भाग निसटला आणि मागचा सापडला. पिकअपचं तोंड थेट माझ्या दारावर आलं.

दार आत येताना मी पाहिलं नाही. ते मला बरगडीत कळलं. गाडी गर्रकन फिरली, मंगल माझ्या अंगावर आदळली आणि तिचं कपाळ माझ्या केसांतल्या चापावर आपटलं. चाप मोडला, तिची भुवई फाटली. मग रक्त आलं, आणि भुवईतून येतं तसं भरपूर आलं.

पुढं बसलेल्या दोघांना खरचटलंही नव्हतं, पलीकडच्या दाराशी आत्याबाईही धड होत्या. दाजी नंतर किती दिवस सांगत होते, "मला तर नुसता धक्का लागल्यागत झालं." तुम्हाला धक्काच लागला हो. दार माझ्या कुशीत आलं होतं.

लोक धावले. "त्या ताईला घ्या आधी, लई रक्त चाललंय." मंगलला उचलून झाडाखाली नेलं, कुणी टॉवेल दिला, कुणी बाटली. माझ्या बाजूचं दार उघडेना, म्हणून मी सरकत सरकत दुसऱ्या दारानं बाहेर आले आणि डांबरावरच बसले. श्वास पुरता आत जात नव्हता. एक पोरगेला माणूस वाकून माझ्याकडं बघायला लागला आणि म्हणाला, "ह्या मावशीला काय झालं?"

दाजी म्हणाले, "काय न्हाई, मुका मार हाय."

गाव जमलेलं, पिकअपवाला घाबरलेला, दाजींना लायसनची धास्ती. एका पुढाऱ्यानं दोघांच्या खांद्यावर हात टाकले. "मिटवून टाका बे. कुनाच्या हातापायाला काय झालं न्हाई. कशाला पोलीस न् कोर्ट?" पिकअपवाल्यानं दार करून द्यायचं कबूल केलं. झालं, मिटलं. दाराचं मिटलं. माझं कुणी विचारलं नाही, आणि मला बोलायला श्वास नव्हता.

टाके बघायला आलेली माणसं

गावातल्या डॉक्टरांनी मंगलच्या भुवईला टाके घातले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बरगडीला मुका मार दिसतोय, गोळ्या घ्या, दुखलं तर या." एक इंजेक्शन दिलं. त्यांचा दोष नाही. बोलणारे दाजी होते, मी भिंतीला टेकून बसले होते.

मंगल माहेरी विश्रांतीला राहिली. दाजी तिला सोडून बीडला गेले. आणि मग माणसं यायला सुरुवात झाली. गल्लीतली, भावकीतली, पार दुसऱ्या गावची. मंगल पलंगावर उशीला टेकून बसलेली, डोळ्याभोवती निळं-जांभळं. येणारा प्रत्येक जण टाके बघायचा, चुकचुकायचा, 'डोळा वाचला बाई' म्हणायचा. आत्याबाई लेकीच्या कपाळावर डाग राहू नये म्हणून नारायणगडाला नारळ बोलल्या.

आणि सगळ्यांना चहा कोण करत होतं? मी.

हे लिहिताना आजही माझे कान तापतात. चहाचं भांडं उचललं की डाव्या बाजूला कळ यायची. खोकला आला की डोळ्यांपुढं अंधारी. पण सगळ्यात विचित्र म्हणजे डावा खांदा दुखायचा. खांद्याला तर काही लागलंच नव्हतं! मी ह्यांना म्हणाले, "अहो, खांदा लई दुखतोय. मोठ्या डॉक्टरला दाखवू." हे मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, "आखडला आसल. उद्या बघू." उद्या आला, पुन्हा उद्या बघू. आत्याबाईंनी मालिश करणाऱ्या बाईला बोलावलं. तिनं तेल लावून खांदा असा काही रगडला की मी ओरडले. ती समजुतीनं म्हणाली, "ओरडा बाई ओरडा, शीर मोकळी व्हायली." बिचारी मनापासून करत होती. दुखणं खांद्यात नव्हतंच, ते खांद्याला फक्त कळत होतं. हे तिला कसं ठाऊक असणार.

तहान फार लागायची. उभं राहिलं की घेरी. मी गिरणी बंद ठेवली तर आत्याबाई कुणाला तरी सांगताना ऐकलं, "हिला काय झालंय? टाके पडले ते मंगलला."

मला त्यांचा राग आला. पण त्याहून जास्त भीती वाटत होती. ती मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तरी उत्तर ठरलेलंच होतं.

याच काळात अन्वरभाईंचं काम चालू होतं. अन्वरभाई आमच्या गल्लीतले मेकॅनिक, डेंटिंगचंही काम करतात. पिकअपवाल्यानं शब्द पाळला होता. अन्वरभाईंनी दार ठोकून सरळ केलं, रंग मारला, नवी काच बसवली आणि एके दिवशी भर दुपारी गाडी आणून दारात उभी केली. हे आणि शेजारचे दोघे बाहेर जाऊन दारावरून हात फिरवायला लागले. "काय काम केलंय भाई, कळून सुद्धा न्हाई येत." मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत आले. ते चकचकीत दार मला दिसलं, मग दोन दारं दिसली, आणि मग काहीच दिसेना.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी मी मोडून पडले.

"न्हाणीत पडली"

शुद्धीवर आले तेव्हा त्याच गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होते. गाडी अन्वरभाई चालवत होते. हे पुढं बसून हात चोळत होते. मी घामानं गार पडले होते. अन्वरभाई आरशातून बघत सारखे बोलत होते. "वैनी, डोळे उघडे ठेवा. आंबाजोगाई आलीच. बोला कायबी, पन झोपू नका."

तेवढ्यात दाजींचा फोन आला. गाडीत सगळं ऐकू येत होतं.

"आपघात म्हनून सांगू नका हो. तिथं लगेच पोलिसात कळवतेत. माझं लायसन न्हाई, वरून आपून मिटवून आलो. मी सापडतो. मंगलच्या संसाराचं बघा जरा. न्हाणीत पडली म्हना. काय फरक पडतो?"

ह्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. माझे डोळे मिटलेले होते, म्हणून त्यांना वाटलं मी ऐकत नाही. "बरं," हे म्हणाले.

अन्वरभाईंनी आरशातली नजर काढून रस्त्याकडं लावली. हा त्यांच्या गिऱ्हाइकाच्या घरचा मामला होता.

मोठ्या सरकारी दवाखान्यात अपघात विभागात नेहमीची झुंबड होती. मला स्ट्रेचरवर घेतलं. एक तरुण डॉक्टरीण आली, हातात कागद, केस कसेबसे बांधलेले.

"काय झालं?"

"न्हाणीत पाय घसरून पडली," हे म्हणाले.

"कधी?"

"आज. सकाळी."

"कोणत्या अंगावर?"

हे अडखळले. "अं... आशीच. पाठीवर."

डॉक्टरीण लिहायला लागली. मी तिचा पेन चालताना बघत होते. पाठ लिहिलं की पाठ बघतील. मला तेव्हा माझ्या आत काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण एवढं नक्की कळत होतं की हा कागद खोटा लिहिला गेला तर मी इथून परत जाणार नाही. गिरणीच्या घरघरीतून पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाला हाक मारणारी मी, आणि तोंडातून आवाज निघेना. मी हात लांब करून तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली.

"न्हाई," मी म्हणाले. "खोटं हाय ते. गाडीत मार लागलाय. मागं दाराशी बसलेले. दार आत आलं."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना चारचौघांत मारलं होतं.

डॉक्टरणीनं लिहिलेलं खोडलं. पुढचे तिचे प्रश्न मी जन्मभर विसरणार नाही, इतके ते साधे होते. "धडक कुठून बसली? तुम्ही कोणत्या बाजूला होता? पट्टा लावला होता?" मग तिनं डाव्या बरगड्यांखाली हात ठेवला, मी कळवळले, आणि तिनं विचारलं, "डावा खांदा दुखतो का?"

मी रडायला लागले. दुखण्यानं नाही. तिनं विचारलं म्हणून.

पानथरी

सोनोग्राफी, मग मोठं मशीन. दोन बरगड्या मोडल्या होत्या, आणि त्यांच्याखालची प्लीहा चिरली होती. ह्यांना प्लीहा कळेना. शेजारून जाणारी आया म्हणाली, "पानथरी हो दादा, पानथरी." इतके दिवस ती आतल्या आत रक्त धरून बसली होती आणि आता ते पोटात सुटलं होतं.

मी त्या डॉक्टरणीला विचारलं, पुढच्या दोघांना काहीच कसं झालं नाही? ती म्हणाली, "मावशी, समोरून धडक बसली तर तुमच्या आणि तिच्यामध्ये बरंच काही असतं. इंजिन असतं, बॉनेटची सगळी लांबी असते. कडेनं काय असतं? एक पत्रा आणि एक काच. त्याच्या लगेच आत तुम्ही." एवढंच ती बोलली आणि पुढच्या पेशंटकडं गेली.

आधी न कापता बघू म्हणाले. हलायचं नाही, उठायचं नाही, पाणीसुद्धा विचारून. सारखं कुणीतरी येऊन दंडाला पट्टा गुंडाळायचं आणि रक्त काढून न्यायचं. मी पंख्याकडं बघत पडून राहायचे आणि मनातल्या मनात दाजींना जे सुनवायचे, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग संध्याकाळी डॉक्टरांच्या चेहऱ्यांवर घाई दिसायला लागली. ब्लडप्रेशर खाली चाललं होतं. रक्त लागणार होतं. ह्यांचं रक्त जुळत नव्हतं. अन्वरभाई अजून गेलेच नव्हते, बाहेर पायरीवर बसून होते. त्यांनी शर्टाची बाही वर केली. रात्रीतच पानथरी काढली.

वॉर्डमध्ये शेजारच्या खाटेवर एका मेंढपाळाच्या घरची सून होती, सोबतीला तिची म्हातारी सासू. ह्यांना बायकांच्या वॉर्डात फार थांबू देत नसत. भांडं लागलं की मी इकडं तिकडं बघायचे. पहिल्या दिवशी ती म्हातारी उठली, भांडं घेऊन आली, माझं सगळं केलं आणि हात धुऊन पुन्हा आपल्या सुनेजवळ जाऊन बसली. नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला पायजे? हाक मार, मी येते." राऊंडला येणारे डॉक्टर रोज मोठ्यानं विचारायचे, "गॅस गेला का?" सगळा वॉर्ड उत्तराकडं कान लावून असायचा. ज्या दिवशी मी मान हलवली, त्या दिवशी म्हातारीनं टाळी वाजवली. दुखत असतानाही मी हसले, आणि हसल्यामुळं आणखी दुखलं.

जबाब

मी थोडी सावरल्यावर हे खाटेशी बसले आणि हळूच म्हणाले, "तू कशाला बोललीस गं? मी सांभाळून घेतलंच असतं."

"कुणाला?" मी विचारलं.



दुसऱ्या दिवशी पोलीस आला. वयस्कर, मवाळ माणूस. टोपी काढून स्टुलावर बसला. "ताई, घाई न्हाई. गाडी कोण चालवत होतं तेवढं सांगा." हे खिडकीबाहेर बघायला लागले. आत्याबाई त्याच दिवशी पहिल्यांदा आल्या होत्या, मांडीवर डबा धरून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत दरडावणी नव्हती, विनवणी होती. तीच जास्त जड गेली. मला मंगलचं वाईट व्हायला नको होतं. ती माझ्या हाताखाली स्वयंपाक शिकलेली पोर आहे.

"दाजी चालवत होते," मी सांगितलं. आणि त्यांचं पूर्ण नावही सांगितलं, कारण तो ते विचारणारच होता.

पोलीस गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "लेकीच्या संसारात माती कालवलीस." मग डबा उघडला, पेज वाटीत काढली आणि मला भरवायला लागल्या. प्रत्येक चमचा फुंकून.  मी पेज खात होते आणि रडत होते, आणि त्या पदरानं माझं तोंड पुसत होत्या. माझ्यावर इतकं रागावूनही त्यांनी वाटी पूर्ण संपवून घेतली.

दाजींना ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. फार काही झालं नाही, पण त्यांच्या दृष्टीनं व्हायला नको ते झालं. सासुरवाडीच्या बाईनं पोलिसात नाव घेतलं, म्हणजे नाक कापलं गेलं. मंगलला त्यांनी टाके काढून होताच बीडला नेलं आणि आमच्याकडं येणं बंद केलं. फोनही बंद. राखी पोस्टानं आली. हे मनगटावर स्वतःच बांधत बसले होते. मी गाठ मारायला गेले तर म्हणाले, "राहू दे, जमतंय."

सगळ्या नात्यागोत्यात गोष्ट अशी पसरली की मी जावयाला पोलिसात दिलं. गाडी कुणी दामटली, दार कुणाच्या अंगावर आलं, खोटं कुणी सांगितलं, हे त्या गोष्टीत कुठंच नव्हतं. मला भेटायला येणारीसुद्धा आवाज खाली करून म्हणायची, "पन एवढं नसतं केलं तरी चाललं असतं." माझं पोट या बाजूपासून त्या बाजूपर्यंत शिवलेलं, आणि ह्या लोकांचं म्हणणं, चाललं असतं! मी हात टेकले.

घरी

डबे उचलायचे नाहीत, म्हणून गिरणी ह्यांनी चालवली. पीठ इतकं जाडं दळायचे की बायका भाकरी मोडते म्हणून परत आणायच्या. मी आतून पलंगावरूनच ओरडायचे, "चाकी आवळा!" माझा आवाज परत आला तो असा.

पानथरी नसलेल्या माणसाला साधा तापही महागात पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलंय. लशीच्या सुया टोचून घ्यायच्या, आणि अंग तापलं की घरी थांबायचं नाही. ह्यांनी माझी माफी मागितली नाही. तापाची नळी मात्र आणली. सकाळ-संध्याकाळ, दुकानातून मधेच येऊन, माझ्या तोंडात धरतात आणि उजेडात नेऊन बघतात. मला त्याचा वैताग येतो. पण मी तोंड उघडते.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगते. धडक लागल्यावर रक्त दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही, हे मनातून काढून टाका. बरगडीखाली दुखतंय, न लागलेला खांदा दुखतोय, घेरी येतेय, सारखी तहान लागतेय, तर चोळत बसू नका आणि कुणाच्या उद्यावर थांबू नका. आणि डॉक्टरनं विचारलं तर कसं लागलं, कुठून लागलं, तुम्ही कुठं बसला होता, ते खरं सांगा. तुमच्याऐवजी बोलणाऱ्या माणसाची त्यात स्वतःची काही तरी सोय असते. मी त्या दिवशी गप्प राहिले असते, तर माझ्या दहाव्याला सगळ्यांनी दाजींना मानाच्या पाटावर बसवलं असतं.

मंगल

हे सगळं लिहून संपलं असं वाटलं होतं. गेल्या आठवड्यात मंगल आली.

एकटीच, एसटीनं, न कळवता. आत्याबाई देवळात गेल्या होत्या, हे दुकानात. मी गिरणीत होते. ती दारात उभी राहिली. भुवईवरचा डाग जवळजवळ गेलेला, चेहरा मात्र उतरलेला. मी गिरणी बंद केली नाही. इतक्या महिन्यांत तिनं एकदाही फोन करून मी जिवंत आहे का ते विचारलं नव्हतं. घरघर चालू राहिली आणि ती तशीच पिठात उभी राहिली.

शेवटी मीच खटका पाडला.

"वैनी," ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या हाताला मुंग्या यायच्या का हो?"

"न्हाई. का?"

"मला येतेत. मान वळली की पार बोटापस्तोर. रात्री मी निजतच न्हाई. काल हातातून पातेलं सुटलं." तिनं उजवा हात डाव्या हातानं धरला होता. "त्यांना म्हनलं तर म्हनले, टाके तर कवाच सुकले. कशाला उकरून काढती. मुका मार आसल."

तो शब्द ऐकला आणि माझ्या जिभेवर आलं, तेच आलं. मग हळद लाव ना बाई. शेक घे. मी चहा करते, येतील माणसं. सगळं अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, आणि मी काय बोलणार ते तिला माहीत होतं असं वाटलं. तरी ती आली होती. दुसरीकडं जायला तिला जागा नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासून," ती म्हणाली आणि तिथंच पिठाच्या पोत्यावर बसून रडायला लागली.

मी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग हात झटकले, अन्वरभाईंना गाडी काढायला निरोप धाडला आणि दाजींना फोन लावला. माझा नंबर बघून ते उचलणार नाहीत, म्हणून मंगलच्या फोनवरून लावला.

"दाजी, मी बोलतेय," मी म्हणाले, गिरणीत बोलते तशा आवाजात. "मंगलला आंबाजोगाईला नेतेय. कशानं लागलं ते ती स्वतः सांगनार हाय. तुमी या, न्हाई म्हनत न्हाई. पन डॉक्टरसमोर तोंड उघडायचं न्हाई."